पाण्याखालची पहिली सुट्टी

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पाऊस ओसरून समुद्र निवळू लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोखही बदलतो. या वेळच्या पत्रांपैकी बरीचशी स्कूबा डायव्हिंगविषयी आहेत आणि त्यांतही आयुष्यात पहिल्यांदाच प्रवाळ पाहायला निघालेल्यांची संख्या मोठी आहे. सारख्या प्रश्नांची पत्रे एकत्र केली आहेत आणि बहुतेकांच्या विनंतीनुसार नावांऐवजी फक्त गाव दिले आहे.

प्रश्न: आम्ही दोघे नवरा-बायको पस्तिशीतले असून दोघांनाही बऱ्यापैकी पोहता येते. गेल्या वर्षी गोव्यातच ग्रांदे बेटाजवळ स्कूबा केला. खाली जेमतेम पाच-सात मिनिटे होतो, प्रशिक्षकाने मागून सिलिंडर धरून ठेवला होता आणि पाणी इतके गढूळ होते की एकमेकांचे चेहरेही नीट दिसत नव्हते. व्हिडिओ मात्र मिळाला! आता खरीखुरी प्रवाळभित्ती पाहायची आहे. जानेवारीच्या अखेरीस आठ दिवसांची रजा मिळते. अंदमान, लक्षद्वीप की मालदीव? आणि आठ दिवसांत काय बसवावे?
(फोंडा)

उत्तर: आधी ग्रांदेविषयी, कारण तिथल्या एका फेरीवरून अनेकजण स्कूबाविषयी कायमचे मत करून बसतात. तुम्ही केलेला प्रकार चाखून पाहण्याचा होता. त्यात वावगे काही नाही, पण ते डायव्हिंग नव्हे. डायव्हिंगमध्ये श्वास, तरंगणे आणि दिशा या तिन्ही गोष्टी ज्याच्या त्याच्या ताब्यात असतात, आणि तुमच्या वेळी त्या मागून सिलिंडर धरणाऱ्याच्या हातात होत्या. पाणी गढूळ असण्यात मात्र त्या बिचाऱ्याचा दोष नाही. मांडवी आणि जुवारी पावसाळाभर गाळ आणून समुद्रात ओततात, किनाऱ्यालगतचा तळ चिखलाचा आहे आणि पोषकद्रव्यांनी भरलेल्या या पाण्यात प्लवकांची दाटी होते. हेच पाणी बांगड्या-तारल्यांना मानवते म्हणून आपल्या ताटात मासळी येते. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना मात्र उजेड लागतो, कारण त्यांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि प्रवाळांचे बहुतेक पोट त्यावर भरते. ग्रांदेभोवती प्रवाळ आहेत, बुडालेल्या जहाजाचे सांगाडे आहेत, मासेही भरपूर आहेत, परंतु निळ्या पाण्यात दूरवर पसरलेली भित्ती तिथे शोधून सापडायची नाही. लक्षद्वीप आणि मालदीव ही बेटेच प्रवाळांची बनलेली असल्यामुळे तिथे नदी नाही, म्हणून गाळ नाही. पाण्याच्या निळाईमागचे मुख्य कारण हेच आहे.

आता तुमच्या प्रश्नात न आलेली, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कुठे जायचे हे ठरवण्याआधी कुठे शिकायचे हे ठरवा. पाडी, एसएसआय यांसारख्या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थांच्या ‘ओपन वॉटर’ या पहिल्या अभ्यासक्रमाचे तीन भाग असतात: पुस्तकी भाग, तरणतलावातील किंवा तलावासारख्या शांत पाण्यातील सराव, आणि खुल्या समुद्रातील चार बुड्या. ते पूर्ण झाले की १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर जाण्याचे प्रमाणपत्र मिळते. सलग केल्यास यात तीन-चार दिवस जातात आणि त्यांतला निम्मा वेळ वर्गात व तलावात जातो. विमानाचे तिकीट काढून हजारो रुपये मोजून गाठलेल्या बेटावर वर्गात बसून दाबाची गणिते सोडवणे मला तरी पटत नाही. पुस्तकी भाग आता घरबसल्या ऑनलाइन होतो. तलावातील सराव डिसेंबरात गोव्यातच एखाद्या चांगल्या प्रशिक्षकाकडे करून घ्या, त्याच्याकडून तसे पत्र घ्या आणि समुद्रातील चार बुड्या त्या पत्राच्या आधारे बेटावर करा. या पद्धतीला डायव्हिंगवाले ‘रेफरल’ म्हणतात. मात्र दोन्ही ठिकाणची केंद्रे एकाच संस्थेची असतील आणि पत्राची मुदत संपलेली नसेल, एवढे आधी फोन करून पक्के करा.

तलावात शिकण्याचा आणखी एक फायदा आहे. मास्कमध्ये पाणी शिरणे, रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा देणारे तोंडात धरायचे उपकरण, तोंडातून निसटणे आणि तो चाचपडत पुन्हा शोधणे या गोष्टी पहिल्यांदा घडताना माणूस घाबरतोच. कंबरभर पाण्यात घाबरलेला माणूस उभा राहतो आणि हसतो. बारा मीटरवर घाबरलेला माणूस वर धाव घेतो, आणि सगळा धोका त्या धावण्यात असतो. खुणांचेही तसेच आहे. जमिनीवर आपण ‘झकास’ म्हणून अंगठा वर करतो, पण पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘मला वर जायचे आहे’. सुंदर कासव दिसल्याच्या आनंदात अंगठा दाखवणाऱ्या नवख्याला प्रशिक्षक इमानेइतबारे वर घेऊन येतो. ठीक आहे हे सांगण्यासाठी अंगठा आणि तर्जनी यांचे कडे करायचे, ही सवय तलावातच लागलेली बरी.

ठिकाणाविषयी बोलायचे तर पहिल्या सुट्टीसाठी मी अंदमानातले स्वराज द्वीप, म्हणजे २०१८ पर्यंतचे हॅवलॉक, सुचवीन. तिथे डायव्हिंग केंद्रे पुष्कळ असल्यामुळे निवडीला वाव आहे, ‘निमो रीफ’सारख्या जागी किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरता येते, आणि जानेवारी ते एप्रिल हा काळ तिथे सर्वांत शांत असतो. लक्षद्वीपचे पाणी त्याहून सरस आहे आणि तिथली प्रवाळभित्तीच्या आतली उथळ सरोवरे नवशिक्यांसाठी जणू घडवूनच ठेवली आहेत, परंतु तिथे जायला प्रशासनाचा प्रवेश परवाना लागतो, राहण्याच्या जागा मोजक्या आहेत आणि विमान उतरते ते केवळ अगत्ती बेटावर. २०२४ मध्ये मोपाहून अगत्तीला छोट्या विमानाची सेवा सुरू झाल्याने आपल्याला कोचीचा वळसा टाळण्याची सोय झाली खरी. वेळापत्रक पाहून आणि परवाना हातात आल्यावरच तिकीट काढावे. बंगारम सोडल्यास लक्षद्वीपमध्ये दारूबंदी आहे, हे आपल्या गोंयकारांना आधीच सांगितलेले चांगले. मालदीवला भारतीयांना पोहोचल्यावर व्हिसा विनामूल्य मिळतो आणि स्थानिक वस्तीच्या बेटांवरील अतिथीगृहांमुळे तो प्रवास आता केवळ धनिकांचा राहिलेला नाही. मात्र कंकणद्वीपांमधल्या, म्हणजे कड्यासारख्या गोल प्रवाळबेटांमधल्या, खाड्यांतून तिथे जोराचे प्रवाह वाहतात आणि तिथल्या नावाजलेल्या अनेक जागा प्रवाहाबरोबर वाहत जाण्याच्या आहेत. चार बुड्यांच्या अनुभवावर तिकडे जाण्याची घाई नको. दुसऱ्या सुट्टीला खुशाल जा.

आठ दिवसांचा हिशेब असा. पहिला दिवस विमान बदलण्यात आणि पुढे श्री विजयपुरमहून, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरहून, बोटीने बेटावर पोहोचण्यात जातो. त्या दिवशी पाण्यात उतरायचे नाही, हे रात्रीचे जागरण लक्षात घेऊन ठरवूनच टाका. दुसऱ्या दिवशी तलावातली उजळणी, तिसऱ्या व चौथ्या दिवशी दोन-दोन बुड्या, की अभ्यासक्रम संपला. पाचवा दिवस मोकळा ठेवा. तो आळसासाठी नाही. कान दुखले, सर्दी झाली किंवा वारा उठला तर वापरायला तो दिवस लागतो. सहाव्या दिवशी दोन बुड्या निव्वळ आनंदासाठी माराव्यात, सकाळीच. सातव्या दिवशी बोटीने परत यायचे आणि आठव्या दिवशी विमान. शेवटच्या बुडीनंतर विमानात बसेपर्यंत निदान १८ तास गेले पाहिजेत, आणि या आखणीत ते सहज जातात. परतीचे तिकीट काढताना आधी हे तास मोजावेत. बहुतेक लोक उलटे करतात आणि शेवटच्या दिवशी केंद्राशी हुज्जत घालत बसतात.

एक घरगुती युक्ती सांगतो. रजेचे दिवस मागेपुढे करता येत असतील तर कालनिर्णय काढून तिथी पाहा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. पाण्याची ये-जा मोठी, त्यामुळे प्रवाह जोरात आणि गाळ ढवळलेला. अष्टमी-नवमीच्या आसपास, आपले दर्यावर्दी ज्याला भांग म्हणतात त्या दिवसांत, भरती-ओहोटीतले अंतर कमी होते. अंदमानच्या समुद्रात हा फरक स्पष्ट जाणवतो.

आणि अंदमानपर्यंत जाणे यंदा जमलेच नाही, तर मुरुडेश्वरसमोरचे नेत्राणी बेट विसरू नका. मडगावहून कोकण रेल्वेने मुरुडेश्वर गाठता येते, बेट किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटर आत असल्याने पाणी आपल्यापेक्षा पुष्कळ स्वच्छ असते, आणि शनिवार-रविवारमध्ये हे काम होते.

प्रश्न: माझी मुलगी ११ वर्षांची आणि मुलगा ८ वर्षांचा आहे. दोघेही उत्तम पोहतात, पण मला अजिबात पोहता येत नाही. मुलांना मे महिन्याच्या सुट्टीत स्कूबा शिकवावे का? आणि त्यांच्याबरोबर मी पाण्यात उतरू शकेन का?
(म्हापसा)

उत्तर: मुलीला शिकता येईल. अभ्यासक्रमासाठी वयाची किमान अट १० वर्षांची आहे. मात्र १० व ११ वर्षांच्या मुलांना १२ मीटरच्या खाली नेत नाहीत आणि प्रमाणपत्र मिळाल्यावरही त्यांनी प्रमाणपत्रधारक पालकाबरोबर किंवा व्यावसायिक प्रशिक्षकाबरोबरच बुडी मारायची असते. मुलाला समुद्रात नेऊ नका. आठ वर्षांच्या मुलांसाठी तरणतलावात दोन मीटरपर्यंतचा खेळ घेतात, तो त्याला पुरेसा आहे. कोणी ‘चालतंय, लहानसाच तर फेरा’ म्हणून त्याला होडीत घेत असेल तर त्या माणसापासून मुलीलाही दूर ठेवा.

तुमच्याविषयी सांगायचे तर चाखून पाहण्याच्या फेरीला पोहणे येण्याची सक्ती बहुतेक ठिकाणी नसते आणि जाहिरातींत तेच मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. मला ते आवडत नाही. उपकरणे तुम्हाला तरंगवतील हे खरे, पण चेहऱ्यावर पाणी आले की जीव घाबराघुबरा होणाऱ्याला त्या फेरीत सुख लागत नाही. पूर्ण अभ्यासक्रमासाठी न थांबता २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे तरंगून दाखवणे आवश्यक आहे. पोहण्याला वेळेचे बंधन नाही, शैलीचेही नाही. कांपालच्या तलावावर तुमच्याहून वयाने मोठ्या बायका पोहायला शिकतात. हिवाळ्यात सुरुवात केलीत तर मेपर्यंत मुलीबरोबर निदान लाइफ जॅकेट घालून स्नॉर्कल, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगत खाली पाहणे, तरी निर्धास्त कराल, आणि प्रवाळांचे सर्वांत रंगीत रूप पहिल्या पाच मीटरांतच असते. खाली जावे तसा लाल रंग आधी नाहीसा होतो आणि सगळे निळसर-राखाडी दिसू लागते.

मे महिन्याविषयी एक सूचना. अंदमानात नैऋत्य मोसमी पाऊस आपल्या आधी, साधारण २० मेनंतर दाखल होतो. सुट्टी लागताच निघा, उत्तरार्धावर विसंबू नका. आणि बोटीवर ऐनवेळी मुलगी ‘नको’ म्हणाली तर तिला एका शब्दानेही आग्रह करू नका, पैसे भरलेले असले तरी.

प्रश्न: वय ५४. रक्तदाबाची एक गोळी रोज घेतो, लहानपणी दमा होता, आता काही त्रास नाही. मित्रमंडळींबरोबर लक्षद्वीपला जायचे आहे. मित्र म्हणतात की तिथे एक फॉर्म भरून घेतात, त्यात सगळीकडे ‘नाही’ लिही, कोणी विचारत नाही. काय करावे?
(मडगाव)

उत्तर: मित्र म्हणतात ते खरे आहे, कोणी विचारत नाही. त्या फॉर्मचा उपयोग विचारणाऱ्याला नसून तुम्हालाच आहे.

दम्याचे आधी पाहू. समुद्रात दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे १० मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीभर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. माणूस श्वास घेत-सोडत सावकाश वर येत असेल तर ही जादा हवा बुडबुड्यांवाटे निघून जाते, म्हणूनच ‘श्वास कधीही रोखायचा नाही’ हा डायव्हिंगचा पहिला नियम आहे. दम्यात श्वासनलिका आकसून फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात हवा अडकली, तर माणसाने श्वास रोखला नसला तरी तो कोपरा फुगतो आणि फाटू शकतो. त्यातून निघालेले हवेचे बुडबुडे रक्तावाटे मेंदूपर्यंत गेले तर काय होते ते सांगण्याची गरज नाही. बालपणीचा दमा पूर्ण गेला असेल आणि फुप्फुसांच्या चाचण्या स्वच्छ असतील, तर अनेक डॉक्टर परवानगी देतात. पण ते चाचण्यांवरून ठरले पाहिजे, मित्रांच्या बैठकीत नव्हे.

रक्तदाब आटोक्यात असेल तर तेवढ्यावरून नकार मिळतोच असे नाही. परंतु पाण्यात उतरताच हातापायांतले रक्त छातीकडे सरकते आणि हृदयावरचा भार वाढतो. त्यात प्रवाहाविरुद्ध चार मिनिटे पाय मारावे लागले की खरी परीक्षा होते. मोठ्या वयातील डायव्हरांच्या मृत्यूंमागे हृदयविकार हे एक प्रमुख कारण आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्या हृदयाची गती वाढू देत नाहीत, त्यामुळे तुमची गोळी कोणती हेही डॉक्टरांना दाखवा. ताण चाचणी करून घ्या. हे सगळे मडगावातच उरका आणि सही-शिक्क्याचे पत्र बरोबर न्या. बेटावर पोहोचल्यावर फॉर्ममध्ये खरे लिहिले आणि हाती पत्र नसले, तर कोणताही प्रामाणिक केंद्रचालक तुम्हाला पाण्यात घेणार नाही. तिथे त्या दिवशी असे पत्र देणारा डॉक्टर मिळणेही कठीण. पुष्कळांची सुट्टी या एका कागदावाचून किनाऱ्यावर बसून संपते.

डॉक्टर नाही म्हणाले तर अगत्ती-कदमतच्या सरोवरांत स्नॉर्कल करता येईल का, हेही त्यांनाच त्याच बैठकीत विचारून घ्या.

प्रश्न: मी देवळाच्या तळीत पोहायला शिकलो, दम चांगला आहे. पण तीन मीटर खाली गेलो की कान असह्य दुखतात. माझ्या कानांतच दोष आहे का?
(डिचोली)

उत्तर: बहुधा नाही. पहिल्या काही मीटरांतच हवेचे आकुंचन सर्वांत जास्त होते, म्हणून वीस मीटरवर जाणाऱ्याचेही कान दुखतात ते तिसऱ्या-चौथ्या मीटरला. कानाच्या पडद्यामागची पोकळी एका बारीक नळीने घशाशी जोडलेली असते आणि ती नळी मिटलेली असते. बाहेरचा दाब वाढला की पडदा आत ढकलला जातो आणि कळ येते. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच नाकातून फुंकर मारायची, की नळी उघडते आणि ‘टक्’ असा आवाज होतो. हे दुखायला लागल्यावर करायचे नसते. डोके पाण्याखाली जाताच एकदा, आणि मग दर अर्ध्या-एक मीटरला. दुखू लागले तर नळीचे तोंड आधीच घट्ट चेपलेले असते आणि जोर लावून ती उघडत नाही. उलट आतल्या कानाला इजा होऊ शकते. अशा वेळी एक मीटर वर यायचे, पुन्हा प्रयत्न करायचा, आणि दोरीला धरून पाय खाली ठेवून उतरायचे. डोके खाली करून सूर मारण्याची तळीतली सवय इथे उपयोगाची नाही.

सर्दी असताना बुडी नाही. नाक मोकळे करणारी गोळी घेऊन जाणारे असतात. गोळीचा असर खाली असतानाच उतरला तर वर येताना हवा आत कोंडते, आणि वर यावे तर लागतेच. कानात नळी बसवलेली असेल किंवा पडद्याला छिद्र असल्याचे कधी निदान झाले असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना भेटल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रश्न: ग्रांदेला सकाळी दोन बुड्या मारून संध्याकाळी चोर्ला घाटाने बेळगावला बहिणीकडे जायचा बेत आहे. विमान नाही, गाडी आहे. चालेल ना?
(पणजी)

उत्तर: चालणार नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे. दाबाखाली श्वास घेताना रक्तात आणि ऊतींत जादा नायट्रोजन विरघळतो, तो हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो आणि तेवढ्यात भोवतालचा दाब कमी झाला तर त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखण्यापासून अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकते. विमानाबाबतचे नियम साधारण ६०० ते २४०० मीटर उंचीइतका दाब असलेल्या केबिनसाठी केलेले आहेत आणि बेळगाव त्या पट्ट्यात येते. एका साध्या बुडीनंतर १२ तास, एकाहून अधिक बुड्यांनंतर १८ तास थांबावे. मालवणला बुडी मारून आंबोलीमार्गे वर जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे. रात्री पणजीतच झोपा, दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला बहिणीकडे जा.

प्रश्न: मासिक पाळी सुरू असताना डायव्हिंग केले तर शार्क येतात, असे मैत्रीण सांगते. खरे आहे का?
(काणकोण)

उत्तर: नाही. पाळीमुळे शार्कचे हल्ले झाल्याचा पुरावा नाही, आणि आपल्या भित्त्यांवर दिसणारे शार्क माणसांच्या बुडबुड्यांना घाबरून लांब राहतात. पोट दुखत असेल किंवा थकवा असेल तर त्या दिवशी विश्रांती घ्या, इतकेच. गरोदरपणात मात्र स्कूबा पूर्ण वर्ज्य आहे. दिवस गेल्याची शंका असली तरीही.

प्रश्न: इंटरनेटवर सगळीच केंद्रे पाच तारे मिरवतात. चांगले केंद्र ओळखायचे कसे?
(पेडणे)

उत्तर: फोन करा आणि किमतीच्या आधी विचारा की एका प्रशिक्षकामागे पाण्यात किती जण असतील. दोन म्हणाले तर उत्तम, चार ही नवशिक्यांसाठी माझी शेवटची मर्यादा. ‘गर्दीवर अवलंबून’ असे उत्तर आले तर आभार मानून फोन ठेवा. प्रशिक्षकाचा क्रमांक मागा, तो त्याच्या संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो आणि चांगल्या प्रशिक्षकाला त्याचा राग येत नाही. बोटीवर ऑक्सिजनची पेटी आहे का, अपघात झाल्यास दाबकक्ष (वाढीव दाबाखाली उपचार करण्याची खोली) असलेल्या रुग्णालयात कसे नेणार, वारा उठून फेरी रद्द झाली तर पैसे परत की दुसरी तारीख, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरे अडखळत आली तर काय समजायचे ते समजा. नेहमीचा प्रवास विमा स्कूबाचा खर्च देईलच असे नाही. पॉलिसीतील खोलीची मर्यादा आणि ‘परवानाधारक प्रशिक्षकासह’ असे शब्द वाचून घ्या.

बोटीवर चढल्यावर एक तपासणी स्वतः करा. सिलिंडरात ऑक्सिजन असतो असे वर्तमानपत्रे नेहमी छापतात; वास्तविक त्यात आपण घेतो तीच हवा गाळून, सुमारे २०० बार दाबाने भरलेली असते. रेग्युलेटर तोंडात धरून दोन श्वास घ्या आणि दाबमापकाच्या काट्याकडे बघा. हवेला तेलाचा, डिझेलचा किंवा जळकट वास आला तर तो सिलिंडर नाकारा, कारण कंप्रेसरने इंजिनाचा धूर ओढून घेतला असेल तर त्यातला कार्बन मोनॉक्साइड खोलीवर अधिकच घातक होतो. श्वास घेताना काटा मागेपुढे नाचत असेल तर सिलिंडरची तोटी पूर्ण उघडलेली नाही. ही दोन्ही लक्षणे ओळखायला कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही. आणि आदल्या रात्रीच्या फेणीचा वास ज्याच्या तोंडाला येतो, त्या प्रशिक्षकाबरोबरही उतरू नका. तुमच्या तोंडाला येत असेल तर त्यानेही तुम्हाला घेऊ नये.

प्रश्न: प्रवाळ पांढरे पडून मरत आहेत असे वाचतो. अशा वेळी पर्यटकांनी तिथे जाणे योग्य आहे का? आणि गेलो तर काय पाळावे?
(साखळी)

उत्तर: पाणी नेहमीपेक्षा एखाद-दुसऱ्या अंशाने जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले की प्रवाळ आपल्या पेशींतली शैवाले बाहेर टाकतात आणि पांढरे दिसू लागतात. त्या क्षणी ते मेलेले नसतात, उपाशी असतात. पाणी लवकर निवले तर सावरतात, नाहीतर मरतात. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये आपल्या समुद्रांतही हे मोठ्या प्रमाणावर घडले, आणि एप्रिल २०२४ मध्ये चौथ्या जागतिक विरंजनाची, म्हणजे जगभर प्रवाळ पांढरे पडण्याची, घोषणा झाली. याचे मूळ कारण डायव्हर नाहीत. पण आधीच उपासमार झालेल्या जिवावर फिनचा, म्हणजे पायात घालायच्या पंखाचा, एक फटका पुरतो. गोलसर दगडी प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतो. नवशिक्याचे पाय खाली लोंबतात आणि फिन्स भित्तीवर आपटतात, तेही त्याला मागे दिसत नसल्यामुळे. म्हणून जाऊ नका असे मी म्हणणार नाही. तरंगण्याचा तोल वाळूच्या तळावर पक्का होईपर्यंत प्रवाळांवरून जायला नकार द्या, असे म्हणेन. हातमोजे घालू नका, म्हणजे हात आपोआप आवरले जातात. सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाई बेटांनी २०२१ पासून बंदी घातली आहे.

किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा देवघरात ठेवायला आणू नका. मेलेला असला तरीही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांचा समावेश आहे, वाघाबरोबर, आणि विमानतळावर सामान तपासले जाते.

प्रश्न: मला चष्मा आहे, उणे चार नंबर. शिवाय भरदार मिशी आहे आणि मित्र म्हणतात की मास्क बसणार नाही. दोन्ही सोडावे लागतील का?
(वास्को)

उत्तर: चष्म्याच्या नंबराची काच बसवलेले मास्क मिळतात, काही केंद्रे भाड्यानेही देतात, पण उणे चार नेमका मिळेल याचा भरवसा नको, आधी विचारा. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स घालूनही उतरता येते, फक्त मास्कमधले पाणी काढताना डोळे मिटा. पाण्याखाली वस्तू तशाही सुमारे एकतृतीयांश मोठ्या दिसतात, त्यामुळे किंचित कमी नंबर असला तरी अडत नाही.

मिशी पूर्ण काढायची गरज नाही. मास्कची कड नाकाखाली जिथे टेकते तिथली केसांची वरची ओळ तेवढी बारीक कातरा. तरीही थोडे पाणी शिरत राहील. कपाळावरची कड दाबून धरायची, वर पाहायचे आणि नाकाने फुंकायचे, की ते खालून निघून जाते. मास्क विकत घेताना पट्टा न लावता चेहऱ्याला लावा आणि नाकाने हलकेच श्वास ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तो तुमचा.